फळ्यावर न मावलेली ओळ

गेल्या दिवाळीच्या आधी गावाकडून फोन आला. ग्रामपंचायतीने जुन्या तालमीच्या जागेवर अभ्यासिका बांधली आहे. पत्र्याचं छत, चाळीस खुर्च्या, प्रत्येक टेबलाला चार्जिंगचा पॉइंट, दाराशी पाण्याचा जार. सरपंच माझा चौथीपासूनचा वर्गमित्र. म्हणाला, "समोरची भिंत मोकळी सोडलीय. एखादं जोरदार वाक्य दे. तू पुस्तकातला माणूस. पेंटर शुक्रवारी येतोय." विचार करून सांगतो म्हटलं, तर म्हणाला, "त्यात विचार काय करायचा? गुरुजींचंच टाकू की. प्रयत्ने वाळूचे."

गुरुजी म्हणजे माझे वडील, घरी अण्णा. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षक. परिपाठाच्या आधी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत खडूने सुविचार लिहायचं काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही. सोमवार ते शुक्रवार वाक्य बदलायचं. शनिवारच्या सकाळच्या शाळेत मात्र ठरलेलं एकच असायचं: 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे'. आमच्या गावातल्या दोन पिढ्यांना ते पाठ आहे. सरपंचाला आहे, सोसायटीच्या सचिवाला आहे, रात्री नदीत डंपर उतरवणाऱ्यांनाही आहे. (आमच्या नदीतल्या वाळूचं तेल खरोखरच निघतं. फक्त त्यासाठी रगडावं लागत नाही, गस्तीची गाडी कधी निघते तेवढं कळावं लागतं.)

मी म्हणालो, हे वाक्य नको. तो जरा थांबला आणि म्हणाला, "बापाचं वाक्य नको म्हणतोस?" फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

२००९ साली मी राज्यसेवेच्या अभ्यासासाठी पुण्याला निघालो तेव्हा अण्णांनी हे वाक्य एका पांढऱ्या कार्डशीटवर लिहून दिलं. बोरूने, काळ्या शाईत. त्यांचा ळ पाहण्यासारखा असतो, दोन्ही वाटोळ्या गाठी अगदी सारख्या. मी ते कार्ड कॉटच्या डोक्याशी चिकटवलं. सदाशिव पेठ, मग नवी पेठ, मग पुन्हा सदाशिव पेठ अशा चार खोल्या बदलल्या. दर वेळी आधी गादी खाली करायची, मग कार्ड सोडवायचं. मागच्या चिकटपट्टीचे थर साचून ते पुठ्ठ्यासारखं जाड झालं. पुण्यात शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला ज्यांनी अशी वर्षं काढली आहेत त्यांना हे सगळं सांगायला नको. कॉट बेसिसवरची खोली, मेसचं कार्ड, सकाळी सहाला अभ्यासिकेत जागा धरायला ठेवलेली पाण्याची बाटली, रात्री अकराला चहाच्या टपरीवर 'या वेळी कटऑफ किती लागेल' याचा काथ्याकूट.

पहिल्या वर्षी पूर्व परीक्षा गेली. कार्डाकडे बघून मी स्वतःशी म्हणालो, प्रयत्न कमी पडले. दुसऱ्या वर्षी पूर्व निघाली, मुख्य गेली. प्रयत्न कमी पडले. २०१३ ला पूर्व परीक्षेत सीसॅटचा पेपर आला. उताऱ्यांवरचे प्रश्न आणि बुद्धिमत्तेची कोडी घड्याळ लावून सोडवायची सवय मराठी माध्यमातल्या आमच्यासारख्यांना नव्हती. आम्ही पुन्हा पहिलीत गेलो. तरीही निकाल लागल्यावर मनात उमटलं ते हेच, की प्रयत्न कमी पडले. तीन शब्द. सहा वर्षं मी माझ्या आयुष्याबद्दल दुसरं कुठलंही स्पष्टीकरण ऐकून घेतलं नाही, कारण भिंतीवरच्या वाक्यात दुसऱ्या स्पष्टीकरणाला जागाच नव्हती. वाळूतून तेल निघालं नाही तर वाळूला दोष द्यायची सोय त्यात नाही. दोष रगडणाऱ्याचा.

माझा आक्षेप इथे आहे. प्रयत्नांना माझा विरोध नाही. गावातल्या शंभर पोरांनी विहिरीत पोहायचा सराव केला तर शंभरही पोहायला लागतात. एकाला पोहता आलं म्हणून दुसरा बुडत नाही. तिथे हे वाक्य चालतं. पण स्पर्धा परीक्षेचं गणित वेगळं आहे. एका अभ्यासिकेत शंभर जण बसतात आणि त्यांच्या वाट्याला तीन जागा आहेत असं धरू. शंभरही जणांनी उद्यापासून दोन तास जास्त वाचलं तर काय होईल? कटऑफ वर जाईल. जागा तीनच राहतील, आणि सत्त्याण्णव जण दोन तास कमी झोपून घरी जातील. हा सरळ जागांचा हिशेब आहे. तो आपण माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर मांडतो. जाहिरात किती पदांची काढायची, दर वर्षी काढायची की नाही, निकाल आणि नेमणूक यांत किती महिने जाऊ द्यायचे, हे मंत्रालयात ठरतं. नापास झाल्याची लाज मात्र सदाशिव पेठेतल्या कॉटवर झोपायला येते.

सत्कार समारंभांनी ही गफलत पक्की केली आहे. तालुक्याच्या गावी निकालानंतर फ्लेक्स लागतो, पेढे वाटले जातात, निवड झालेल्या मुलाला किंवा मुलीला चार शब्द बोलायला सांगतात. ते चार शब्द नेहमी प्रयत्न, जिद्द, चिकाटी आणि आईवडील हेच असतात. ते खोटं बोलत नाहीत. पण समोर मांडवात खुर्च्या लावणारा, त्यांच्याइतकीच वर्षं त्यांच्याच शेजारच्या कॉटवर काढून परत आलेला मुलगा माईकवर आला असता तर त्यानेही याच चार शब्दांत आपली हकिकत सांगितली असती. त्याला कुणी बोलावत नाही. म्हणून आपल्याला वाटतं की जिद्द असली की निवड होते. खरं एवढंच आहे, की निवड झालेल्यांकडे जिद्द होती. या दोन वाक्यांतला फरक सीसॅटच्या पेपरात अडीच गुणांना विचारतात. आयुष्यात आपण तो सोडून देतो.

थांबायचं कधी, हा प्रश्न सरकारलाही सुटलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य लोकसेवा आयोगाने परीक्षेच्या संधींवर मर्यादा घातली. खुल्या प्रवर्गाला सहा, इतर मागासवर्गाला नऊ, अनुसूचित जाती-जमातींना मर्यादा नाही. मुलं संतापली, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्या परीक्षा वेळेवर होत नाहीत त्यांच्या संधी कसल्या मोजता? २०२२ मध्ये आयोगाने ती मर्यादा मागे घेतली. मला ती आल्याचंही बरं वाटलं नव्हतं आणि गेल्याचंही. बाहेरून लादलेला पूर्णविराम माणूस शिक्षा म्हणून भोगतो. पण आतून पूर्णविराम देता येईल असं एकही वाक्य आपण या मुलांना शिकवलेलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

माझी गोष्ट पुढे सांगतो. २०१५ च्या पावसाळ्यात, एकतीस पूर्ण झाल्यावर, मी सोडलं. खुल्या प्रवर्गाची मर्यादा तेव्हा तेहतीस होती. अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. सदाशिव पेठेतच एका छोट्या प्रकाशकाकडे मुद्रितं, म्हणजे छापायच्या आधीची पानं, तपासायचं काम मिळालं. व्याकरणाचा पेपर पाठ होता, तेवढीच शिदोरी. वर्षभराच्या आत, २०१६ मध्ये, सरकारने वयोमर्यादा अडतीस केली, मागासवर्गीयांना त्रेचाळीस. त्या आठवड्यात मला जितके फोन आले तितके माझ्या लग्नातही आले नव्हते. सगळ्यांचा सूर एक: बघ, देवाने पाच वर्षं दिली, आता माघार नको. कार्ड तेव्हा पेटीत होतं. मी ते काढून पुन्हा भिंतीला लावलं. खरं तेच सांगतो, २०१७ ची पूर्व मी दिली. दिवसा मुद्रितं, रात्री इतिहास. निकाल काय लागला हे सांगायची गरज नाही. सांगायचं आहे ते वेगळंच: त्या निकालाचं मला दुःख झालं नाही, आणि दुःख झालं नाही याचीच भीती वाटली. माझा त्या वाक्यावरचा विश्वास कधीच उडाला होता. उरली होती फक्त सवय.

पुढच्या वर्षी आमच्याकडे शाळेच्या मुलांसाठी सुभाषितांची एक पुस्तिका आली. मुद्रित माझ्याकडे. चौदाव्या की पंधराव्या पानावर माझं वाक्य. टंकलेखकाने 'तेलही' असं दीर्घ टाकलं होतं. आजच्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घच लिहायचा, पण ही गद्यातली ओळ नव्हे. हा शिखरिणी वृत्तातला श्लोक आहे, सतरा अक्षरांचा, आणि त्या जागी लघू लागतो. 'तेलहि' असं ऱ्हस्व हवं. वडिलांच्या कार्डावर ते दीर्घ होतं, शाळेच्या भिंतींवर दीर्घ असतं, महाराष्ट्रभर दीर्घ असतं. खात्री करावी म्हणून मी मूळ काढलं. वामन पंडितांचा श्लोक. 'सुश्लोक वामनाचा' म्हणतात ते वामन, सतराव्या शतकातले. भर्तृहरीच्या संस्कृत नीतिशतकाचा त्यांनी केलेला मराठी अवतार.

पूर्ण श्लोक असा आहे:

प्रयत्नें वाळूचे कण रगडितां तेलहि गळे
तृषार्ताची तृष्णा मृगजळ पिऊनीहि वितळे
सशाचेंही लाभे विपिन फिरतां शृंगहि जरी
परंतू मूर्खाचें हृदय धरवेना क्षणभरी

मी टेबलाशी बसून तो तीन वेळा वाचला. वाळूतून तेल गळेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रान धुंडाळलं तर सशाचं शिंगही सापडेल. म्हणजे या जगात जे जे होणं शक्य नाही त्याची ही यादी आहे. सशाला शिंग नसतं आणि मृगजळात पाणी नसतं, त्याच रांगेत वाळूतही तेल नसतं. कवी म्हणतो, हे सगळं एक वेळ घडेल, पण मूर्खाची समजूत पटणार नाही. संस्कृत श्लोकात तर त्या मूर्खाला एक विशेषण आहे, 'प्रतिनिविष्ट'. हट्टाला पेटलेला, एका बाजूला घट्ट रुतून बसलेला. वामनांना ते वृत्तात बसवता आलं नसावं.

सहा वर्षं ज्या वाक्याला मी प्रयत्नवादाचा मंत्र समजत होतो ते अशक्याचं उदाहरण होतं. आणि ज्याच्याबद्दल तो श्लोक होता, त्या रुतून बसलेल्या माणसाच्या कॉटशी तो चिकटवलेला होता. मला हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी "काय सापडलं?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "ऱ्हस्व-दीर्घाची चूक."

नीतिशतकात याच्याच आगेमागे आणखी एक श्लोक आहे. अजाण माणसाला समजावणं सोपं, जाणत्याला त्याहून सोपं, पण 'ज्ञानलवदुर्विदग्ध' माणसाचं मन ब्रह्मदेवालाही वळवता येत नाही. ज्ञानलव म्हणजे ज्ञानाचा एक कण. चार ओळींपैकी एक ओळ पाठ असणं, याहून चांगला ज्ञानलव कुठला असेल? आपली सगळी सुविचारांची परंपरा या ज्ञानलवांवर उभी आहे. कर्मावर तुझा अधिकार आहे एवढं आपण उचलतो, फळावर नाही हे खालच्या आवाजात म्हणतो. तुकोबांचं 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे' ही तर अभ्यासिकांची राष्ट्रीय ओळ आहे. त्या अभंगाची सुरुवात बचनागाने होते. बचनाग हे जहर. सराव केलेले लोक ते तोळा तोळा खातात, इतरांना नुसतं बघवत नाही. सराव केलेले साप हातात धरतात, इतर पाहून कापतात. तिथला अभ्यास म्हणजे अंगवळणी पाडणं, थोडं थोडं करून विषही पचवायला शिकणं. चालू घडामोडींच्या मासिकाशी त्याचा काही संबंध नाही. पण भिंतीवर 'अभ्यास' हा शब्द दिसला की आपलं काम भागतं.

आणि तुकोबा स्वतः? वडिलोपार्जित दुकान आणि सावकारी असलेला हा माणूस. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात सगळं गेलं. त्यांचेच शब्द आहेत: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. आणि त्याच अभंगात पुढे, 'वेवसाय देखें तुटी येतां'. धंद्यात तूट येताना मी पाहिली, असं ते सरळ सांगतात. परंपरा असंही सांगते, की त्यांनी कर्जखतांच्या आपल्या वाट्याच्या कागदांना इंद्रायणी दाखवली. आता विचार करा, त्या वेळी देहूच्या एखाद्या हितचिंतकाने 'असाध्य ते साध्य' म्हणत त्यांना दुकान पुन्हा उघडायला लावलं असतं तर? एक बरा वाणी उरला असता. तुटीची ही ओळ मी आजवर एकाही भिंतीवर पाहिलेली नाही. आपण तुकोबांची चिकाटी घेतली, त्यांचं सोडणं घेतलं नाही.

मी हे सगळं अण्णांना विचारलंच. त्या मे महिन्यात गावी गेलो होतो, रात्री ओट्यावर बसलो होतो.

"अण्णा, वाळूच्या श्लोकाची चौथी ओळ ठाऊक होती तुम्हाला?"

"होती की. डीएडला असताना सगळा पाठ होता."

"मग एकच का लिहायचात?"

"फळ्याच्या कोपऱ्यात एकच मावायची." मग सुपारी कातरता कातरता म्हणाले, "आणि मूर्ख हा शब्द पोरांपुढं कशाला लिहायचा? घरी त्यांना तो रोजच ऐकायला मिळायचा."

यावर मला बोलता येईना. आजही पूर्ण बोलता येत नाही. ज्या वर्गात निम्मी मुलं ऊसतोडीच्या हंगामात गायब व्हायची, ज्यांच्या घरात शाळेची पायरी चढलेलं ती पहिलीच, त्यांना 'तुला जमेल' असं सांगणारं गावात दुसरं कोण होतं? अण्णांनी श्लोक अर्धा केला तो अज्ञानाने केला नव्हता, मायेने केला होता. माझ्या विरोधातला सगळ्यात बळकट मुद्दा हाच आहे. तो खोडावा असंही मला वाटत नाही. मी फक्त एवढं म्हणतो, की औषधाला जसा वयाचा हिशेब असतो तसा वाक्यालाही असतो. सात वर्षांच्या मुलाला पाढे येईनात तेव्हा हे वाक्य त्याला उभं करतं. सत्तावीस वर्षांचा माणूस पाचव्यांदा फॉर्म भरायचा की वडिलांची पाच एकर बघायची या विचारात असतो, तेव्हा तेच वाक्य त्याला खाली दाबून बसवतं. फळ्यावरचा सुविचार दुसऱ्या दिवशी पुसला जायचा हेही विसरू नये. ऑइलपेंटचा पुसला जात नाही.

कुणी म्हणेल, एका ओळीवर एवढा राग कशाला? मुलं पेठांत कोंडली आहेत ती नोकऱ्या नाहीत म्हणून, शेती परवडत नाही म्हणून, लग्नाच्या बाजारात सरकारी शिक्क्याला भाव आहे म्हणून. मान्य. सुविचार पुसून बेकारी जाणार नाही. पण ही ओळ बेकारीला पडदा पुरवते. जोवर प्रत्येक जण आपापल्या कॉटवर पडून 'मीच कमी पडलो' म्हणतो आहे तोवर पदं का भरली जात नाहीत हे विचारायला तो दुसऱ्याच्या कॉटपर्यंत जात नाही. आपल्याकडे दुसऱ्या जातीची वाक्यंही आहेत. बाबासाहेबांनी १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत शिका, चेतवा आणि संघटित व्हा असं सांगितलं. मराठीत ते 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असं रूढ झालं. क्रमावर वाद घालणारे घालोत. त्यातलं 'संघटित व्हा' हे काम एकट्याने खोलीचं दार लावून करताच येत नाही. ते वाक्य माणसाला खोलीबाहेर काढतं.

सोडल्यावर काय झालं, हे लोक कुतूहलाने विचारतात. काहींच्या चेहऱ्यावर 'आता काहीतरी उजळून निघालेलं सांगेल' अशी अपेक्षा असते. तसं काही झालं नाही. पहिल्यांदा मी जुन्या वाक्याच्या जागी नवं शोधलं. सहा महिने 'ठेविले अनंते तैसेचि रहावे' धरून बसलो. ते तर पहिल्याहून वाईट निघालं, कारण त्याने मला सकाळी उठायचंही कारण ठेवलं नाही. आधी वाटायचं सगळं माझ्या हातात आहे, मग वाटायला लागलं काहीच नाही. दोन्ही वेळा मी वाक्याला विचारत होतो, समोरच्या कामाला विचारत नव्हतो.

बदल झाला तो फार हळू आणि भलत्याच ठिकाणी. वर्तमानपत्र पेन्सिल हातात न घेता वाचायला मला वर्ष लागलं. आधी बातमीतला आकडा दिसला की बोटं आपोआप अधोरेखित करायची. पहिल्यांदा एक कादंबरी हातात घेतली तेव्हा तिच्यातून प्रश्न येणार नाहीत या जाणिवेने अपराधी वाटलं होतं. कामाचंही असंच. मुद्रितशोधनात एक गंमत आहे. सकाळी दिलेला फर्मा, म्हणजे छपाईच्या पानांचा गठ्ठा, संध्याकाळी संपतो. किती चुका सापडल्या ते समासात लाल शाईने दिसतं. एकही चूक राहिली नाही असं पुस्तक माझ्या हातून अजून झालेलं नाही, छापून आल्यावर एक तरी मात्रा दात विचकतेच. तरीही दिवस वाया गेला असं वाटत नाही. उद्याच्या निकालावर आजचा दिवस टांगून ठेवायचा नाही, एवढं मला सहा वर्षांनी कळलं, आणि ते कुठल्याही वाक्याने शिकवलं नाही. कार्ड अजून माझ्याकडे आहे, फाईलमध्ये. 'तेलही'मधला दीर्घ तसाच आहे. अण्णांच्या अक्षरावर लाल पेन चालवायचा धीर होत नाही.

तर अभ्यासिकेच्या भिंतीवर काय लिहावं? सरपंचाला मी आधी म्हणालो, काही वाक्यच नको. भिंतीला एक फळा लाव आणि त्यावर दर वर्षी खडूने लिही: कुठल्या परीक्षेला किती जागा निघाल्या, किती अर्ज आले, वयाची अट काय. पोरं आपला हिशेब आपण करतील. आणि जी मुलं पुण्याहून परत आली आहेत त्यांना महिन्यातून एकदा तिथे बोलावून त्यांचं ऐका. कुणी दुकान टाकलंय, कुणी दुधाचं संकलन बघतंय, एक जण तालुक्याला दस्तलेखनिकाच्या हाताखाली आहे. थांबायची तारीख आधीच घरच्यांशी बोलून ठरवली तर थांबण्याला हार म्हणावं लागत नाही, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? तो म्हणाला, "आकडे बघून पोरं पहिल्याच दिवशी घाबरतील."

"मग श्लोक पूर्ण लिही," मी म्हटलं. चारही ओळी पाठवल्या. वेलांट्या तपासून.

गुरुवारी रात्री त्याचा फोन. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, चार ओळींचा खर्च मंजूर झालेला नाही. आणि दुसरं म्हणजे, "त्या मूर्खाचं काहीतरी बघ ना. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणारेत. कुणी अंगावर ओढून घेतलं तर?" तिसरीपर्यंत लिहून थांबू का, असंही त्याने विचारलं. सशाच्या शिंगापर्यंत. मी म्हटलं, मग तर लोक ससे धरायला निघतील.

उद्घाटन पांढऱ्या भिंतीसमोरच झालं. संक्रांतीला गावी गेलो तेव्हा मुद्दाम डोकावलो. दुपारची वेळ, आठ-दहा मुली आणि पाच-सहा मुलगे वाचत होते. भिंत अजून मोकळीच होती, म्हणजे रंगवलेली नव्हती. सेलोटेपने दोन कागद लावले होते, एक बँकेच्या परीक्षेचं वेळापत्रक आणि एक 'नवी पेठेत रूममेट पाहिजे'. त्याखाली, चार्जिंगच्या पॉइंटशेजारी, कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'फॅन ३ च्या वर करू नये. पानं उडतात.'